खाडीला नाला समजलो

भाऊ वनरक्षक होता. मुलचेऱ्याच्या जंगलात पायी फिरण्यातच त्याची नोकरी सरली. तो निवृत्त झाला आणि उजवा गुडघा संपावर गेला. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याआधी ऑपरेशन करून घ्या. भाऊ म्हणाला, त्याच्याआधी एकदा समुद्र पाहू, तोही चालत. त्याने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. मी त्याची धाकटी बहीण, बल्लारपूरला शिक्षिका. शाळेचं वेळापत्रक मीच करते, त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या चार दिवसांच्या पायी प्रवासाचं नियोजनही मीच अंगावर घेतलं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी दर तासाला विश्रांती लिहायची आणि त्याने ती खोडायची.

"काऊन बसवून राह्यली मले? म्हातारा झालो का मी?"

"गुडघ्याले विचार."

"त्याले काई नाई झालं."

मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. वाळूत मधेच गुडघा धरला तर याला उचलणार कोण?

शेवटी त्याच्या मनासारखं झालं. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं, मधे थांबायचं नाही. वाटेत तीन खाड्या होत्या. त्यांच्यापुढे मी ठसठशीत लिहिलं, 'फेब्रुवारी, घोटाभर पाणी.' आमच्याकडे पावसाळ्यात रस्ता बंद पाडणारा नाला फेब्रुवारीपर्यंत पायजमा दुमडून ओलांडता येतो. भाऊनेही मान डोलावली.

मग पहिल्या मुक्कामाच्या घरी फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

"अहो, खाडी आहे ती. रोज दोनदा भरते. तुम्ही दहाला पोचाल तेव्हा पुरुषभर पाणी असेल. दोनपर्यंत थांबावंच लागेल. दुसऱ्या दिवशी आणखी पाऊण तास उशीर."

मी खजील झाले. भरती-ओहोटी मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते.

भाऊने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दहा ते दोनपुढे स्वतःच लिहिलं, 'बसणे.'

"चार तास बसशील?" मी विचारलं.

"मंग काय करता? समुद्रच जाऊ देऊन नाई राह्यला."

त्याने पेन खाली ठेवलं. मग माझ्यासमोर पहिल्यांदाच त्याने गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"लय दुखते, बाई," तो म्हणाला.