एकाच नावाची फाईल

गुढियारी मोहल्ल्यातल्या चेतनाला कोणी "जाऊ दे ना" म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आजचं नाही, जन्मापासूनचं. रेल्वेतून रिटायर झालेले तिचे बाबा, लहानू, सगळ्या पाऱ्याला, म्हणजे आळीला, सांगायचे, "हे पोट्टी पाळण्यातबी भांडूनच राहायची." शंकर नगरातल्या एका लहानशा कंपनीत ती प्रोग्राम लिहायची आणि तिथेही तिचा हाच लौकिक. हुशार आहे हो, पण तोंड आवरत नाही, असं कंपनीचे मालक दिवाकर सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

त्या दिवसांत चेतनाचं लग्न जमलं होतं. मुलगा भिलाईचा, यशदीप, तिथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला. हसरा, सरळ, आणि हिचं भांडण ऐकून न पळणारा. असा दुसरा कुठून आणायचा, सांगा बरं! आमच्याकडे बायोडाटासोबत सिकलचा रिपोर्टही मागतात, आता ती रीतच झाली आहे. सिकल हा रक्ताचा आजार. त्याचा नुसता अंश रक्तात असला तर माणूस ठणठणीत असतो, त्याला वाहक म्हणतात. पण आई-बाप दोघंही वाहक निघाले तर लेकराला जन्मभराचं दुखणं लागू शकतं. यशदीप वाहक होता, आणि पहिल्याच भेटीत त्याने ते सांगून टाकलं होतं. म्हणून चेतनाचा रिपोर्ट साफ आला तेव्हा घरात पेढे आले आणि साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, रविवार ठरला. रिपोर्ट काढला होता तिच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर चालणाऱ्या लॅबमध्ये. "आपल्याच प्रोग्रामवर छापला, बाबा," ती केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती!

मग श्रावणी नावाच्या एका मुलीचं प्रकरण उपटलं. तिच्या रिपोर्टवर त्याच लॅबमधून 'वाहक' छापून आलं आणि जमत आलेली सोयरीक मोडली. बापाने हट्टाने दुसरीकडे तपासलं, तर पोरगी साफ! तो लॅबमध्ये जाऊन असा कडाडला की तिथल्या डॉक्टर मीनल यांनी जुनी नोंद काढून पाहिली. तपासणीच्या मशीनमध्ये श्रावणी साफच होती. घोळ छापताना झाला होता. त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला.

"ऑपरेटरनेच काहीतरी केलं असन," म्हणत सरांनी काम चेतनाकडे ढकललं. प्रोग्राम जुना, खुद्द सरांच्या हातचा. चेतनाने उघडला आणि कपाळावर हात मारला. छापण्याआधी प्रोग्राम मशीनमधला निकाल एका तात्पुरत्या फाईलमध्ये ठेवायचा आणि मग तिथून उचलून पेशंटच्या नावाखाली छापायचा. ती फाईल सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये, आणि तिचं नाव कायम एकच. काउंटर एक होता तोवर निभलं. पण रविवारी लग्न जुळवणारी सगळी मंडळी लॅबवर तुटून पडायला लागली, म्हणून दुसरा काउंटर उघडला. आता दोन्हीकडून एकदम बटण दाबलं की एकाचा निकाल पुसून दुसऱ्याचा त्याच फाईलमध्ये बसायचा, आणि पहिल्या काउंटरवर नाव हिचं, निकाल तिचा असा कागद निघायचा. पंगतीत दोघांना मिळून एकच ताट वाढावं, तसला कारभार!

दुरुस्तीला तिला फारसा वेळ लागला नाही. प्रत्येक रिपोर्टला त्याचं वेगळं फोल्डर, नाव मशीनने त्या क्षणी ठरवलेलं, कोणाला अंदाज येणार नाही असं. ते दुसऱ्या कोणाला उघडता येणार नाही, आणि काम संपलं की, किंवा प्रोग्राम मधेच कोसळला तरी, आतलं सगळं झाडून साफ.

"शाबास!" सर म्हणाले. "श्रावणीले नवा रिपोर्ट देऊ, ऑपरेटरची चूक होती म्हणून सांगू. संपला विषय."

"आन् बाकीचे? साफ पोरीले वाहक छापलं, तर एखाद्या वाहकालेबी साफ छापलंच असन ना?"

"कोणी तक्रार केली काय? मंग तू काहून घाण उकरून राहिली? जाऊ दे ना!"

झालं. चेतना तडक जागेवर येऊन बसली. छापलेल्या रिपोर्टांच्या प्रती प्रोग्राममध्ये साठलेल्या होत्या. त्या तिने मशीनच्या नोंदींशी ताडून पाहायला घेतल्या. एक चुकीचा निघाला. आणखी एक निघाला. आणि मग तिचं स्वतःचं नाव आलं. छापील रिपोर्टवर साफ. मशीनमध्ये वाहक.

तिला यशदीपचं हसणं आठवलं, पेढ्याचा खोका हातात धरलेले बाबा आठवले, आणि रडू आलं. कोणालाच माहीत नव्हतं. गप्प बसली असती तर साक्षगंध झालं असतं, लग्नही झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याच मनात आलं, जाऊ दे ना. आणि मग तिला स्वतःचाच असा राग आला की ती खुर्ची मागे लोटून सरळ सरांच्या केबिनमध्ये घुसली.

सगळं ऐकून सर आधी पांढरे पडले, मग गोड झाले. "हे पाय, चुपचाप राहणं तुह्याच फायद्याचं हाये. लगन होऊन जाईन. कोणाले कळते?"

"माह्या लेकराले कळन ना, सर!"

तिने सरांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि त्यांच्यासमोर डॉ. मीनलना सांगितलं, "मॅडम, ऑपरेटरची काही चूक नाही. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, आणि चुकीचे रिपोर्ट बरेच आहेत. त्यात एक माझाही आहे. सगळ्यांना परत बोलवा."

"उद्यापासून येऊ नको," सर ओरडले.

"आजच चालली," ती म्हणाली, आणि डबा उचलून निघाली.

यशदीपला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो नुसतं "हव" म्हणाला आणि भिलाईला निघून गेला. चेतनाने मनात लग्नावर पाणी सोडलं. बाबांनी तिला एका शब्दानेही टोकलं नाही.

साक्षगंधासाठी ठरलेल्या रविवारी ती लॅबमध्ये होती. चूक नीट समजावून सांगता येणारं माणूस हवं म्हणून डॉ. मीनलनीच तिला फोन करायला बसवलं होतं. एका माणसाला समजावता समजावता घसा कोरडा पडला, तेव्हा कोणीतरी पाण्याची बाटली पुढे सरकवली. पाहते तर यशदीप! शेजारची खुर्ची ओढून तो बसला.

"आपलं काय करायचं ते डॉक्टरीणबाईले इचारून ठरवू," तो म्हणाला. "तुले सोडून कुठी जाऊन नाई राहिलो. आधी या लोकाईले लाव फोन."

चेतनाने डोळे पुसले आणि पुढचा नंबर फिरवला. पलीकडे ढोलक वाजत होती, बायका गात होत्या. तिने सगळं सांगितलं. एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "शादी का घर है, दीदी. अब जाने दो ना."

"नहीं जाने दूँगी!" चेतना खेकसली. "बजाना बंद करो, और लड़की को लेके अभी आओ!"