माझ्या वाट्याचं मागणं

आमच्या वऱ्हाडात तेव्हा कॉलेज नव्हतं. मुंबईच्या कॉलेजात जायचं तर आधी प्रवेशाची परीक्षा द्यावी लागे, आणि तिची तयारी करून घेणारे अमरावतीत एकच गृहस्थ होते, आमचे पाद्रीसाहेब. ते फी घेत नसत. अट एवढीच, की रविवारी सकाळी उपासनेला हजर राहायचं. आम्ही सहा जण होतो, नुकतं मिसरूड फुटलेले. घरून सगळ्यांना एकाच बोलीवर परवानगी मिळाली होती, की तिथलं पाणी प्यायचं नाही. म्हणून उपासनेला बसताना प्रत्येकाच्या पायाशी आपापला तांब्या असे.

साहेबांच्या कौलारू बंगल्याची लांब पडवी हेच आमचं देऊळ. साहेब टोपी काढून बुटांसकट आत येत. आम्ही जोडे काढून पागोट्यासकट. पहिले काही रविवार दोन्ही बाजूंना एकमेकांची रीत उद्धटपणाची वाटली, मग कोणी बघेनासं झालं. साहेबांच्या बाईसाहेब पेटी वाजवत आणि आम्ही गात असू. गाणं मला आवडे. धर्माच्या बाबतीत मी तेव्हाही पालथा घडा होतो आणि आजही आहे.

एका रविवारी साहेबांनी आपल्या टोपीत सहा चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकानं एक उचलायची, आणि वर्षभर दर रविवारी उभं राहून त्यावर लिहिलेली एकच गोष्ट देवाजवळ मागायची. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा मित्र तेल्हाऱ्याच्या एका मुसलमान व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याच्या चिठ्ठीत पाऊस आला. माझ्या चिठ्ठीवर होतं, अमेरिकेतली लढाई थांबावी.

ती लढाई आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. तिकडचा कापूस तिच्यात अडकून पडला, म्हणून तर विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसासाठी धावत आल्या. अकोल्यात माझ्या वडिलांची कापसाची वखार होती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, घराला दुसरा मजला आला, आणि मी अमरावतीला शिकायला आलो, तेही त्या लढाईच्याच जिवावर. साहेबांचंही त्या लढाईत एक माणूस होतं. साहेब मूळचे अमेरिकेतलेच, आणि त्यांचा धाकटा भाऊ तिकडे फौजेत होता. त्याचं पत्र आलं की साहेब आम्हाला त्या दिवशी व्याकरण शिकवत नसत.

बाहेर पडल्यावर मित्र म्हणाला, "यार, तू तर बापाच्या पोटावर पाय मागून राहिला. आण ती चिठ्ठी, बदलून घेऊ. मी लढाई मागतो, तू पाऊस माग."

मी बदलली नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. बोलायला मला बरं येत होतं, आणि पावसावर काय बोलणार? लढाईवर पुष्कळ बोलता येत होतं. दर रविवारी मी उभा राही, डोळे मिटून घेई, आणि भावाभावांतलं रक्त, आयांचं वाट बघणं, असं एकेक नवं घालून मागणं मागे. बाईसाहेब डोळे पुसत. साहेब एकदा म्हणाले, "तू फार मनापासून प्रार्थना करतोस." मी मान खाली घातली. मनाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण ते त्यांना सांगून काय होणार होतं?

दिवाळीला बैलांच्या दमणीनं दोन मुक्काम करत अकोल्याला गेलो. वखार छतापर्यंत भरलेली होती. वडिलांनी त्या साली कापूस विकला नव्हता, भाव आणखी चढेल म्हणून दाबून ठेवला होता. जेवायला बसलो तेव्हा सवयीनं माझे डोळे मिटले गेले आणि ओठ हलले. आई घाबरली. तिला वाटलं, पोरगा बाटला. वडील मात्र हसले.

"का मागून राहिला रे?"

"परीक्षेत पास व्हावं म्हणून," मी म्हणालो.

हे खोटं मी विचार करून बोललो असं नाही. ते आपसूक तोंडात आलं.

वडील सगळ्या देवांना धरून असत. ग्रामदेवतेला नारळ, दर्ग्याला चादर, कोणालाही कमी नाही. ते जरा वेळ जेवत राहिले आणि मग म्हणाले, "ते लढाई साहेब लोकायच्या मुलखात चालू हाय. म्हंजे तिथं त्यायच्याच देवाचं चालत असंन. आपला देव तिथं काय करंन? तू आता त्याच्या ओळखीचा झाला, त्याले सांगजो माह्याकून. भाऊबंदकी हाय, इतक्यात नाई मिटत, पन अजून एक साल चालू दे म्हना. एकच साल. मंग वखार खाली करतो."

आई म्हणाली, "लोकं मरून राहिले असतीन तिकडं."

वडिलांचा घास हातात राहिला. "ते तं मरूनच राहिले," ते म्हणाले. "मी थोडीच लावली लढाई."

रिकाम्या हातानं देवाकडे जायचं नसतं, म्हणून परत जाताना त्यांनी माझ्याबरोबर साहेबांसाठी एक गादी दिली. त्या सालच्या पहिल्या वेचणीचा कापूस, वर लाल खारव्याची खोळ. स्वतः पिंजाऱ्यापुढे बसून त्यांनी ती भरून घेतली होती. साहेबांना मी सांगितलं, वडिलांनी आभार म्हणून पाठवली आहे. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

त्या रविवारी मी उभा राहिलो. वडिलांचं मागणं मला आठवत होतं, ते विसरलो असं म्हणणार नाही. मित्र माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले आणि लढाई थांबावी म्हणून मागितलं, नेहमीसारखं, उलट त्या दिवशी जरा जास्तच चांगलं. काही वाईट वाटलं का? नाही. पाय आखडून बधिर झाला की त्याला चिमटा काढून बघतो ना, तसं मी मनाला दोन-तीनदा बघितलं, पण काही लागलं नाही.

उन्हाळ्यात बातमी आली, लढाई संपली. भाव त्याच्या आधीच घसरू लागले होते, आता कोसळले. आणि त्याच सुमारास साहेबांना पत्र आलं, भाऊ जिवंत आहे. साहेब पडवीत आले, सगळ्यांसमोर माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि किती तरी वेळ हलवला. "तुझं ऐकलं देवानं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला आठवतं ते एवढंच, की त्यांचा तळवा फार घामेजलेला होता.

मी अकोल्याला गेलो. वडील वखारीच्या दारात खाटेवर बसले होते. आत कापूस तसाच होता, छतापर्यंत. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर मी कदाचित खरं बोललोही असतो.

त्यांनी विचारलं, "सांगतलं होतं ना तू? साहेबाच्या देवाले?"

"हो," मी म्हणालो. "दर रविवारी."

"मंग नाई आयकलं त्यानं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तू काहून तोंड पाडतं? तुहा का दोष? आपुनच उशिरा गेलो त्याच्यापाशी."

त्यानंतर माझं शिकणं सुटलं. कर्जात वरचा मजला गेला, शेंब्या गेल्या. मी वखारीत बसू लागलो. पुढे साहेब मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी ती गादी माझ्याकडे पाठवून दिली, आठवण म्हणून. वडिलांनी खारवा बघताच ओळखली. "चांगला माणूस," ते म्हणाले. "काम नाई झालं तं वस्तू वापस केली. आपल्याकडं कोन करते असं?" आणि ती आपल्या खाटेवर घालून घेतली.

शेवटच्या दुखण्यातही ते त्याच गादीवर होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत, श्वास पुरत नसला तरी. "माह्या पोरानं माह्यासाठी साहेबाच्या देवापाशी मांगतलं. आपला धर्म बाजूले ठिऊन उभा राह्यला तिथं, सालभर. कोनाचं पोट्टं करते इतकं?"

लोक माझ्याकडे कौतुकानं बघत. मी उशाशी उभा असे. खरं काय ते सांगावंसं वाटे, पण वडील इतकं सुखानं बोलत, की मी गादीवरची चादर नीट करी आणि त्यांना कूस बदलायला हात देई.