खालच्या मजल्यावरचं फ्रॉम आणि ऑफ

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका इंग्रजीपायी शेजाऱ्यांचा छळ करणारा माणूस अख्ख्या भाईंदरमध्ये सापडायचा नाही. त्यातही सगळ्या इंग्रजीचा त्यांना सोस नाही. वस्तू कशाची झाली, माणूस कुठला, एवढंच साहेबासारखं अचूक सांगता यावं, बाकी भाषा खड्ड्यात गेली तरी चालेल! एकदा मी स्टीलच्या डब्यातून श्रीखंड घेऊन गेले, तर काका डब्यावर टिचकी मारून म्हणाले, "मेड ऑफ स्टील. आणि आतलं? मेड फ्रॉम मिल्क. मूळ वस्तू तशीच दिसते तिथे ऑफ, रूप बदललं तिथे फ्रॉम." श्रीखंड कसं झालं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पनीरवर 'मेड ऑफ प्युअर मिल्क' होतं. काकांनी पेन काढून खाडाखोड केली. वाणी कळवळला, "काका, माल देखो ना, ग्रामर क्या देखते हो!"

हे सगळं मी सोसलं. पण गेल्या वर्षी माझी नोकरी सुटली, आणि चार महिन्यांनी एक ऑनलाइन मुलाखत आली. तुम्ही कुठल्या, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "आय ॲम कमिंग फ्रॉम भाईंदर." त्याच वेळी काका पेपर मागायला दारात आलेले. तिथूनच ओरडले, "आय कम फ्रॉम! कमिंग म्हणजे तू अजून रिक्षातच आहेस!" पलीकडचे तिघंही हसले. मला पुढे एक उत्तर धड देता आलं नाही. तीही नोकरी हातची गेली.

आठ दिवस मी काकांशी बोलले नाही. नवव्या दिवशी तेच वर आले. "पोरी, उद्या माझी मुलाखत आहे. शेजारी येऊन बसशील?" लंडनमधल्या त्यांच्या मुलाने तिकडेच लग्न ठरवलं होतं, आणि मुलीची आई व्हिडिओवर पहिल्यांदा बोलणार होती. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. राग होताच, तरी मी गेले.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वाक्यं कागदावर उतरवून ठेवली होती. पलीकडच्या बाईंनी हसून विचारलं, "व्हेअर डू यू कम फ्रॉम?" आणि काका नुसता कागद उलटसुलट करत राहिले. मी कोपराने ढोसलं. ते उठले, फोन खिडकीशी नेला आणि खालचं पार्किंग दाखवलं. "देअर. वॉटर. माय फादर, सॉल्ट. ऑल धिस, सॉल्ट."

काका भाईंदरच्याच खारी गावातले, आणि आमची इमारत त्यांच्याच मिठागरावर उभी आहे, हे मला आठ वर्षांत ठाऊक नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "चुकलं का गं?"

"नाही काका. त्यांना कळलं सगळं."

त्यांनी पुन्हा खिडकीतून खालच्या पार्किंगकडे पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "बापसाचं पाय मिठानं फाटायचं. त्या भेगा कवा भरल्याच न्हाय." घरच्या बोलीत ते माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलत होते. त्याचं इंग्रजी त्यांनी केलं नाही.