पोंगलची तबकडी

राजवाड्यामागच्या गल्लीत एका तमिळ गृहस्थांचं रेकॉर्डचं दुकान आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रत्येक तबकडी विकण्याआधी ते डोळे मिटून ऐकतात आणि पसंतीनं “सरि, सरि” म्हणत मान हलवतात. परवा दुपारी मात्र मी मागवलेली तबकडी ते देईनात.

“हिच्यात आपल्या बाजारातले आवाज आहेत, अक्का. यंदाच्या पोंगलला टिपलेले.”

मी हट्टानं ती लावायला लावली. ठोक्यांमागे गर्दी, सायकलच्या घंट्या, आणि मग माझ्या आईची, ती मला लाडानं मारायची तीच हाक: “कुट्टी!”

आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज त्यांच्याही ओळखीचा होता. त्यांनी झटकन सुई उचलली.

“ओ देऊ नका, अक्का.”

पण माझ्या तोंडून ओ निघून गेली होती, आणि तबकडी थांबली तरी आई हाका मारतच होती.