खाली धरायची फुलबाजी

दोन हजार एकमध्ये नागपूर सोडलं, तेव्हा एअरपोर्टच्या दारापर्यंत बाबांनी माझी बॅग स्वतःच ओढत आणली. बायकोच्या कडेवर मीरा होती. "पोचलास की फोन कर, आणि पैसे वाचवायला उपाशी राहू नको," एवढंच म्हणाले. दोन वर्षांत परत येतो, असं मी सांगितलं.

मग ओहायोतलं डब्लिन, नोकरी, घराचं मॉर्गेज, मीराची शाळा. पाच वर्षं गेली आणि जुलैमध्ये बाबा गेले. माझं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलं होतं. वकील म्हणाला, आत्ता बाहेर गेलात तर परत येण्याची खात्री नाही. थोरला मी, पण अग्नी धाकट्यानं दिला. मी इथे किचनमध्ये फोन कानाला लावून उभा होतो आणि पलीकडे स्मशानातला फक्त वारा ऐकू येत होता. त्या वकिलाचा, त्या व्हिसाचा आणि स्वतःचा मला अजून संताप येतो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी शेजारच्या मोरिता काकूंनी घरामागच्या हिरवळीवर फटाके उडवायला बोलावलं. त्या जपानच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या. मीरा धावतच निघाली. मी तिला अडवलं, "यंदा आपल्याकडे फटाके नाहीत."

"बट इट्स नॉट इव्हन दिवाळी, बाबा."

काकूंना सांगावं लागलं, की घरात माणूस गेलं की आम्ही वर्षभर फटाके उडवत नाही. त्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "आमची गेलेली माणसं या दिवसांत घरी येतात. फटाके त्यांच्यासाठीच."

मला आधी रागच आला. दुःखात कसले फटाके! पण त्यांनी कागद पिळून केलेली एक बारीक फुलबाजी माझ्या हातात दिलीच. टोक खाली धरायचं, हात हलवायचा नाही. टोकाशी लाल थेंब जमला, थरथरला, चार ठिणग्या उडाल्या आणि तो गवतात पडून विझला. आवाज काहीच नाही. मी सगळ्यांसमोर रडलो.

"विल आजोबा कम हिअर?" मीरानं विचारलं.

मी हो म्हणालो. पण बाबांनी हे घर कधी पाहिलंच नव्हतं. ते यायचे तर नागपूरलाच, आईकडे. मी गेल्यावर मात्र मला इथेच यावं लागेल, कारण मीरा इथे असेल. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच. मेल्यावरसुद्धा बाबांची नि माझी भेट व्हायची नाही.