माझा तिसरा दाणा

त्या काळी मी आमच्या गावच्या शाळेत मास्तर होतो आणि छापलेलं सगळं खरं असतं अशी माझी पक्की समजूत होती. वय चोवीस, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. शेलूबाजारच्या आठवडी बाजारातून कुणी ना कुणी वर्तमानपत्र आणायचं, दोन-तीन दिवसांचं शिळं, आणि ते मी पारावर उभा राहून मोठ्यानं वाचायचो. वाचता येणारे गावात आणखी चार-पाच जण होते. पण वाचायचा मान माझा, तो मी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही.

स्वातंत्र्य मिळून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा दिल्लीची ती बातमी आली. सायंप्रार्थनेला निघालेल्या त्या वृद्ध माणसाला कुणीतरी गोळ्या घातल्या होत्या. आमच्या गावात त्यांचं नाव घेत नसत, नुसतं म्हातारबा म्हणत, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. तीन गोळ्या, असं छापलं होतं. ते ऐकून समोर बसलेली दांडगी माणसं उपरण्यात तोंड लपवून रडली. त्या दिवशी गावात चुली पेटल्या नाहीत.

गावानं ठरवलं की तेरावं करायचं. गावजेवण घालायचं आणि पहिलं पान म्हातारबाच्या नावानं वाढायचं. तयारी सुरू झाली त्याच सुमारास पाटलांकडे स्वयंपाक करणारी काकी परत आली. पाटलांचे धाकटे भाऊ आईच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेले होते आणि रांधायला काकीला सोबत नेलं होतं. परतताना ते दिल्लीच्या धर्मशाळेत उतरले. भाऊ तापानं फणफणले, म्हणून काकी त्यांच्याशिवायच, धर्मशाळेतल्या बायांबरोबर म्हातारबाच्या प्रार्थनेला गेली. ती नेमकी त्या दिवशी, त्या जागी होती.

हे कळलं तेव्हा गाव थक्क झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीशी बसलेली ही विधवा बाई, आणि जे साऱ्या देशानं नुसतं ऐकलं ते हिनं डोळ्यांनी पाहिलं! बाया तिच्या पाया पडू लागल्या. मीसुद्धा तिच्याकडे सरळ बघू शकत नव्हतो. पहिलं पान काकीच्याच हातानं वाढायचं, हे कुणी न सुचवताच ठरून गेलं.

मग पारावर कुणीतरी तिला विचारलं, काकी, गोळ्यांचा आवाज कसा होता वं?

"चारदा आला," काकी म्हणाली.

"तीनदा," मी म्हणालो.

"नाई मास्तर. मले चार आयकू आले."

मी वर्तमानपत्र उघडून बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असंन. पन मले चार आयकू आले." बस, माझं डोकं सणकलं. भर पारावर मी बोलून गेलो, "जिले आकडा धड सांगता येत नाई, ते तिथं होती तरी कशावरून?"

रागात सुटलेलं वाक्य. पण ते मास्तरचं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया तेच बोलत होत्या, की काकी धर्मशाळेत पोळ्या लाटत बसली असेल आणि इथं येऊन गमजा करते आहे. पाटलांच्या भावांना विचारलं तर ते म्हणाले, मी तापात होतो, ती कुठं गेली मले काय ठाऊक. शेवटी पाटलांनी सांगून टाकलं की खोटं बोलणाऱ्या हातानं म्हातारबाचं पान वाढायचं नाही. काल पाया पडणाऱ्या बाया आज तिच्याकडे पाठ फिरवून पाणी भरू लागल्या.

काकी शाळेत आली. पोरं गेल्यावर दाराशीच उभी राहिली. "मास्तर, मले दुसरं काई नको. तेवढं पान माह्या हातानं होऊ द्या," एवढंच म्हणाली. मी वह्या तपासत बसलो होतो. मान वर केली नाही.

तोडगा काढला तो पाटलांच्या रखवालदारानं, पारावर सगळ्यांसमोर. हरभऱ्यात डुकरं शिरू नयेत म्हणून तो हिवाळाभर भरमार बंदूक घेऊन मचाणावर असायचा. तो म्हणाला, "भिंत असली का एका बाराचे दोन आवाज येतेत. काकी, तिथं भिंत होती काय?"

"हाव. मांगं लांब भिंत होती."

"मंग पाहून घ्या ना मालक! आपल्या जिनाची भिंत काय कमी हाये?"

गावाबाहेर कापसाचं बंद पडलेलं जिन होतं, त्याची विटांची भिंत दोन माणसं उंच. तिच्यासमोरच्या पटांगणात प्रयोग करायचा ठरला. मी तर उड्याच मारत होतो, काकी उघडी पडणार म्हणून. भरमारीत दर वेळी दारू ठासावी लागते, एकीतून पाठोपाठ बार निघत नाहीत. म्हणून तीन बंदुका घेतल्या, दोन पाटलांच्या आणि एक धनजहून आलेल्या त्यांच्या व्याह्यांची. रखवालदार त्या घेऊन नाल्याच्या बांधामागं गेला. मोजणी खळ्यावरच्या रीतीनं. आमच्याकडे धान्य मोजताना गिनती चुकू नये म्हणून दर पायलीमागं एक दाणा बाजूला टाकतात. तसे प्रत्येकाच्या मुठीत तुरीचे दाणे दिले. नाल्याकडे पाठ करून बसायचं, बोलायचं नाही, जितके आवाज येतील तितके दाणे आपल्यापुढच्या फडक्यावर टाकायचे. काकी सगळ्यांत मागं बसली, डोळे मिटून.

धाड धाड झालं. भिंतीतली कबुतरं एकदम उडाली, बाया किंचाळल्या आणि क्षणभर माझ्या अंगावर सरसरून काटा आला, कारण दिल्लीतही असंच झालं असणार. मग शांत झालं.

पाटील उठून दाणे बघत फिरले. माझ्यापुढं तीन. पाटलांचे स्वतःचे तीन. व्याह्यांचे तीन, सरपंचांचे तीन, एकाचे पाच, आणि बहुतेक सगळ्या फडक्यांवर तीनच. काकीपुढं चार.

"पाह्यलं?" मी ओरडलो. "इथंबी एक जास्तीचा!"

काकीनं आपल्या दाण्यांकडे पुन्हा पाहिलं, पण एकही उचलला नाही. तेवढ्यात रखवालदार खांद्यावर बंदुका टाकून धापा टाकत आला. आल्या आल्या हात जोडून म्हणाला, "माफी असू द्या मालक. धनजची बंदूक पेटलीच नाई, दारू सादळली होती. दोनच बार झाले. आनखीन एकडाव घ्यायचं काय?"

पाटलांनी त्याला एकच बार काढायला परत पाठवलं. या वेळी सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं. एक धाड नाल्याकडून आणि लगेच दुसरी भिंतीकडून. एका बाराचे दोन आवाज, म्हणजे मघाच्या दोन बारांचे चार.

मी माझ्या फडक्याकडे बघत बसलो. दोन म्हटलं असतं तर बार मोजले असते, चार म्हटलं असतं तर आवाज मोजले असते. तीन तिथं कुठं नव्हतेच. तरी मी शपथेवर सांगितलं असतं की मी तीन ऐकले. पहिले दोन दाणे कशाचे ते सांगता येईल; तिसरा मी वर्तमानपत्राच्या नावानं टाकला होता. गावातली सगळी शहाणी माणसं माझ्यासोबत चुकली आणि जिला आम्ही खोटी ठरवलं, तिनं जे कानावर आलं तेवढंच फडक्यावर ठेवलं. मला त्या बाईची भीती वाटली, देवळात वाटते तशी.

पाटलांनी तिथंच सांगितलं की पान काकीच वाढेल. ती पदर सावरून घराकडे निघाली. मी मागून गेलो. माफी मागायची होती, पण तोंडून निघालं भलतंच. "काकी, म्हंजे तिथं गोळ्या खरंच किती झाडल्या?"

"ते कोर्ट पाहील. किती झाडल्या हे मी कवा म्हनलं? मले किती आयकू आले तेवढंच सांगतलं. तुमी इचारलं कुठं मास्तर, तुमी तर मलेच सांगून राह्यले होते."

खरंच होतं. मी खाली मान घालून विचारलं, "पन एवढ्या गर्दीत, एवढ्या गडबडीत तुमी मोजले तरी कसे?"

काकी थांबली.

"मोजले नाई जी. पह्यला आवाज आला तवा मी हात जोडले का देवा, आता दुसरा नको. मंग दुसरा आला. दर आवाजाले हात जोडले, का आता पुढचा नको. चारदा जोडले."