कोबाल्ट नावाची सवत

नवरा जपानला गेला तेव्हा आमच्या वरसे गावातल्या शेजारणींना वाटलं, गाड्यांच्या कंपनीत लागला. सांगून सांगून मी थकले. तो तिथल्या विद्यापीठात कोबाल्टची संयुगं बनवतो, हे मलाच नीट कळायला वर्ष गेलं. मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना मी सरळ सांगायची, मला सवत आहे आणि तिचं नाव कोबाल्ट.

संध्याकाळी फोनवर तो समजावायचा. कोबाल्टच्या अणूतले काही इलेक्ट्रॉन थंडीत जोडीने बसतात आणि ऊब मिळाली की सुटे होतात. सुटे झाले की संयुगाचं चुंबकत्व वाढतं, परत जोड्या जमल्या की उतरतं.

"म्हणजे गारठ्यात जोडी," मी म्हटलं. "मग तिकडे बर्फ पडतोय आणि तू एकटा कसा?"

तो हसला. मला हसू आलं नाही. त्याची फार आठवण येत होती.

मला सोबत न्यायचं बोलणं झालं होतं. पण रोह्यातली माझी नोकरी, आणि गुडघ्यांनी जागेवर बसवलेल्या सासूबाई. त्यांना कुणाच्या भरवशावर टाकणार? मग मी पेणहून आईने केलेले पोह्याचे पापड आणून त्याला पाठवत राहिले, आणि त्याची उशी दर रविवारी उन्हात टाकत राहिले. कुणी न वापरलेली उशी उन्हात कशाला, असं सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही.

त्याचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. संयुग तापवलं की त्यातलं पाणी उडून जाई, मग कितीही थंड केलं तरी जोड्या काही जमत नसत. त्याच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा तापवून-निववून टिकणारं संयुग जमलं तर आणखी दोन वर्षं काम, नाहीतर दिवाळीआधी घरी. फोनवर मी "जमेल रे" म्हणायची. नंतर देवापुढे हात जोडले की काय मागावं तेच कळायचं नाही. खोटं कशाला सांगू, बहुतेकदा मी तो यावा हेच मागायची.

गणपती गेल्यावर एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"जमलं," तो म्हणाला. "कितीदा तापवलं, कितीदा निववलं. दरवेळी मूळ रूपात परत येतंय."

लग्नातही त्याचा आवाज इतका आनंदी नव्हता. मला अभिमान वाटला आणि रडूही आलं. "पेढे वाटते," म्हणाले, आणि खरंच बाजारात जाऊन घेऊन आले.

सासूबाई पडवीत बसल्या होत्या. "त्याचं काम झालं," मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांचा चेहरा इतका खुलला की आणखी दोन वर्षांचं मला सांगवेना.

"झालं ना गो एकदाचं? मग सांग त्याला, ते थंडीचे कपडे तिकडंच कुणाला तरी देऊन टाक. हितं नाय लागायचे."